लाईफ संपलेले डबे

आमच्या गाळ्यातला फोन वाजला की निम्म्या वेळा पलीकडून एकच प्रश्न येतो.

"मॅडम, लाईफ है क्या?"

"है," मी म्हणते. "कितनी चाहिए?"

"दो किलो."

नवीन माणूस हे ऐकून माझ्या तोंडाकडे बघत राहतो. बघू दे. भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा चौदा नंबरचा गाळा. डावीकडे दिवसभर स्टीलच्या भांड्यांचं पॉलिशिंग चालतं आणि उजवीकडे प्लास्टिकच्या पिशव्या बनतात, म्हणजे एका कानाला घरघर आणि दुसऱ्या नाकपुडीला वास. आम्ही मोठ्या डब्यांतली केमिकल्स छोट्या बाटल्यांत भरतो, लेबल लावतो आणि कॉलेजांना, लॅबना, कारखान्यांना पाठवतो. मी नीलिमा, पॅकिंगची इन-चार्ज. एकोणीस वर्षं झाली.

पहिल्याच दिवशी माझ्या हातात एक पांढरा डबा आला. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत एल, आय, एफ. मी दहावी पास, सायन्समध्ये पस्तीस, तेही बाईंच्या कृपेने. मला वाटलं, लाईफ लिहिलंय आणि छापणाऱ्याने शेवटचा ई खाल्लाय. मी मोठ्याने म्हणाले, "ही लाईफ कुठे ठेवू?" सगळे हसले, पण नाव जे चिकटलं ते चिकटलं. पुढे कळलं की ते लिथियम फ्लोराईड. पण एवढं लांबलचक कोण बोलत बसणार? गाळ्यातल्या बायका, टेम्पोवाला, वसई-पालघरची गिऱ्हाइकं, सगळे लाईफच म्हणायला लागले.

दिसायला मैद्यासारखी पांढरी पावडर, पण मागणी भारी. अ‍ॅल्युमिनियम जोडताना जो फ्लक्स लावतात त्यात ती घालतात. चिनीमातीवर चकाकी चढवणारे नेतात, तिच्यामुळे म्हणे भट्टी कमी तापवून काम भागतं. एका लॅबचा माणूस ती वितळवून तिचे काचेसारखे स्वच्छ स्फटिक वाढवतो. आणि वसईचा निहार तिच्यात मॅग्नेशियम आणि टायटॅनियमचा नखभर मसाला घालून भट्टीत भाजतो आणि तांदळाएवढ्या चकत्या बनवतो. त्या चकत्या हॉस्पिटलात जातात. त्यांची गोष्ट मला जरा जास्त माहीत आहे, ती पुढे सांगते.

तर हे सगळं सुरळीत चाललेलं असताना क्षितिजा आली.

क्षितिजा एमएस्सी, वय चोवीस, मीरा रोडला शांती नगरात राहते. सोमवारी आणि गुरुवारी गाळ्यात येते, बाकीचे दिवस अकरावी-बारावीच्या क्लासला शिकवते. कागदांवर सही करायला शिकलेलं माणूस लागतं म्हणून साहेबांनी तिला ठेवलं. पहिल्या आठवड्यात ती मला म्हणाली, "नीलिमाताई, ते लाईफ नाही हो, लिथियम फ्लोराईड." मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही बालवाडीत होता तेव्हापासून भरतेय मी ते." त्यानंतर आमचं जेवढ्यास तेवढंच. ती काही सांगायचं असलं की चिठ्ठी लिहून रॅकला चिकटवायची. मी ती चिठ्ठी शालूला वाचायला सांगायचे आणि आपण चष्मा पुसत बसायचे. कबूल करते, हा माझा खवचटपणा होता.

शालूला तेव्हा आमच्याकडे लागून सहा महिने झाले होते. किनाऱ्यावरच्या पाली गावची सून. उत्तनच्या पुढून बस पकडून रोज वेळेवर हजर, हाताला जलद, बोलायला कमी. त्या वेळी जुलै चालू होता. मासेमारी बंद, नवऱ्याची होडी वर ओढून ठेवलेली, त्यामुळे घर तिच्या एकटीच्या पगारावर. साहेबांचा नियम तिला पहिल्या दिवशीच सांगितला होता: आपल्या धंद्यात लेबल म्हणजे सगळं. लेबल चुकलं की माणूस त्याच दिवशी घरी. दोन वर्षांपूर्वी साईराज नावाच्या चांगल्या कामसू पोराने कंटाळा करून दोन बाटल्यांची लेबलं अदलाबदल केली, तर संध्याकाळी त्याचा डबा आणि छत्री त्याच्या हातात होती.

त्या बुधवारी सकाळी मी निहारची ऑर्डर काढायला गेले. तीन डबे, एकेक किलोचे, एकाच बॅचचे. तो तीन वाजता स्वतः न्यायला येणार होता. पुढच्या रॅकवर लाईफच्या जागी नुसती धूळ आणि तीन गोल.

"शालू, लाईफ कुठे गेली?"

"मागं ठेवली ताई. चिट्टी होती ना."

मागच्या रॅकवर सहा डबे ओळीत उभे होते. पांढरे, सारखे, स्वच्छ पुसलेले. एकावरही लेबल नव्हतं.

मी चिठ्ठी वाचली. क्षितिजाचं अक्षर गोल, सुवाच्य. "लाईफ संपलेले डबे लेबल काढून मागच्या रॅकवर ठेवणे."

आता कुठल्याही शहाण्या माणसाला यातून कळेल की ज्यांची मुदत संपली ते डबे. पण आमच्या गाळ्यात लाईफ म्हणजे मुदत नव्हे. शालूने वाचलं ते असं: लाईफ, आणि संपलेले डबे. मुदत संपलेले तीन डबे होते लिथियम क्लोराईडचे, ते तिने तारीख बघून बरोबर काढले. लाईफचे तीन डबे नवे कोरे, पण चिठ्ठीत नाव आहे म्हणून तेही काढले. सहाच्या सहा डब्यांची लेबलं पाण्याने भिजवून, नखाने खरवडून अशी साफ काढली की बघत राहावं. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे डबे. कुठला कुठला ते देवालाही सांगता आलं नसतं.

"लेबलं कुठायत?"

तिने कचऱ्याच्या बादलीतून सहा ओल्या सुरळ्या काढून दाखवल्या. माझा चेहराच बोलला असणार. तिने चिठ्ठी परत वाचली, मग माझ्याकडे बघितलं, आणि तिला समजलं.

"ताई, आता मला काढतील."

"थांब. रडू नकोस."

"न्हाय रडत. पण काढतील ना?"

साहेब अंधेरीला एका प्रदर्शनाला गेले होते, चारपर्यंत येणार होते. निहार तीनला. घड्याळात साडेदहा.

शालूने डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमी एवढी वर्षं हाय इथं. डबा उचलून तुमाला कळत आसंल. तुमी सांगा त्या तीन डब्यांवर मी नवीन लेबल लावते. कोनाला कळनार हाय?"

खरं सांगते, क्षणभर माझाही हात पुढे झाला. मी एक डबा उचलला, हलवला, दुसरा हलवला. एकात पावडर जरा बसकी वाटली. वाटली म्हणजे काय, वाटण्यावर काय जातंय? आणि मग मला ईश्वर आठवले.

ईश्वर माझे मिस्टर. तीन वर्षांपूर्वी त्यांना गळ्याचा कॅन्सर निघाला. रेडिएशन सुरू व्हायच्या दिवशी तिथल्या एका मॅडमनी आम्हाला बारीक पांढऱ्या चकत्या दाखवल्या. म्हणाल्या, "या आज तुमच्या गळ्यावर चिकटवणार. मशीन जेवढे किरण सोडतंय म्हणून सांगतं, तेवढेच खरोखर पडतात का, ते या चकत्या धरून ठेवतात. नंतर त्या तापवल्या की उजेड देतात. तो उजेड मोजायचा, मग आम्हाला खात्री होते." मी विचारलं कशाच्या बनवतात. त्या म्हणाल्या, "लिथियम फ्लोराईडच्या." मी खुर्चीतून उठलेच. "अहो, ही तर आमची लाईफ!"

त्या कॉरिडॉरमध्ये, एवढ्या भीतीत, ईश्वर असे खोखो हसले की मॅडम म्हणाल्या, "हसून घ्या, आत गेल्यावर अजिबात हलायचं नाही." पस्तीस दिवस आम्ही जात होतो आणि रोज निघताना ते मला विचारायचे, "काय, लाईफ घेतलीस ना बरोबर?" आता ते ठणठणीत आहेत. आवाज थोडा बसलाय, तिखट चालत नाही, बाकी स्वयंपाकसुद्धा तेच करतात. पण त्या दिवसांपासून मला एक खोड लागली. स्टॉक संपला की फळ्यावर मी पूर्वी लिहायचे, "लाईफ संपली." तेव्हापासून ते माझ्या हातून लिहवत नाही. मी लिहिते, "लाईफ मागवायची." फोनवर कोणी विचारलं आणि माल नसला तर म्हणते, "येतेय, येतेय." गिऱ्हाइकं वैतागतात. वैतागू देत.

मी डबा खाली ठेवला. शालूला म्हटलं, "अंदाजाने लेबल लावायचं नाही. यातली पावडर कोणाच्या तरी गळ्यावर जाते."

"मग काय करायचं?"

मग काय करायचं हे मलाही माहीत नव्हतं. जिला माहीत होतं तिला फोन करायला मला लाज वाटत होती. तरी केला. क्षितिजाने उचलला नाही, क्लास चालू असणार. पुन्हा पुन्हा केला. नाही.

बाहेर ढग दाटून आले होते आणि हवा इतकी दमट की रजिस्टरची पानं एकमेकांना चिकटत होती. मी डब्यांकडे बघत बसले. माझे वडील, त्यांना आम्ही दाजी म्हणायचो, पेणहून इकडे आले ते भाईंदरच्या मिठागरावर कामाला. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन बांधावरून जायचे. मिठाच्या राशी घातलेल्या असायच्या आणि दाजी प्रत्येक राशीतलं चिमूटभर मीठ तळहातावर घेऊन उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "बघतोय, रडतंय का." ज्या मिठात खोट असते ते हवेतलं पाणी ओढतं आणि ओलं होतं. चांगलं मीठ कोरडं राहतं. रडणारं मीठ ते बाजूला काढायला सांगायचे.

आणि मला आठवलं की क्लोराईडच्या डब्यावर नेहमी लिहिलेलं असतं, कोरड्या जागी ठेवा, झाकण घट्ट लावा. भरताना आम्ही घाई करतो ती त्याचीच. लाईफ भरताना कधी घाई केल्याचं आठवेना. तासभर उघडी राहिली तरी जशीच्या तशी.

"शालू, मास्क लाव. ग्लोव्ह्ज घाल. सहा वाट्या आण वजनाच्या, कोरड्या."

डब्यांवर आम्ही एक ते सहा आकडे मारले. प्रत्येकातली चमचाभर पावडर काढून वाटीत ठेवली, झाकणं लगेच लावली. वाट्या दाराजवळ टेबलावर ओळीने मांडल्या आणि दोघी समोर स्टूल टाकून बसलो. पॉलिशवाल्यांचा एक जण डोकावून म्हणाला, "क्या आंटी, प्रसाद बँट रहे हो?" मी त्याला हाकललं.

दहा मिनिटं काही झालं नाही. मग शालूने माझा दंड धरला.

"ताई, दोन नंबर."

दोन नंबरच्या वाटीत पावडरीची कड चमकत होती. मग चारची. मग पाचची. अर्ध्या तासात त्या तीन वाट्यांत पावडरीचा चिखल झाला आणि उरलेल्या तिघी कोरड्या ठणठणीत. दाजी असते तर त्यांना फार आवडलं असतं. मला इतका आनंद झाला की मी शालूच्या पाठीत धपाटा घातला.

"हाय ना ताई? एक, तीन, सहा! लावू लेबलं?"

आणि माझं तोंड आपोआप म्हणालं, "नाही."

"का?"

"रडलं ते क्लोराईड, एवढं समजलं. जे रडलं नाही ते लाईफच, हे मी कशावरून सांगू? न रडणारी पावडर काय जगात एकच आहे?"

शालूने माझ्याकडे असं बघितलं की या बाईला आता काय म्हणावं. मलाही स्वतःचा राग आला होता. पण दाजींच्या मिठावर फार तर कोणाची भाजी बिघडली असती.

एवढ्यात फोन वाजला. क्षितिजा. "नीलिमाताई, नऊ मिस्ड कॉल? काय झालं?"

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, लेबलं, सहा डबे, वाट्या. काही लपवलं नाही. शेवटी म्हटलं, "तू म्हणाली होतीस पहिल्याच आठवड्यात, लाईफ म्हणू नका. मी ऐकलं नाही. आता येतेस का?" मी तिला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं, माझ्या लक्षातही आलं नाही.

मग ती म्हणाली, "वाट्यांची आयडिया तुमची?"

"माझ्या वडिलांची."

"भारी आहे. मी रिक्षा पकडतेय."

पाऊण तासात ती आली, ओढणीने घाम पुसत. घाबरलेली तीही होती, हे बघून मला बरं वाटलं. "चिठ्ठी मीच लिहिली ना," ती म्हणाली, "आणि आधी 'बाद' असं लाल लेबल लावा, मग जुनं काढा, हे लिहायचं मी विसरले. सर मला पहिलं विचारतील."

तिने आधी तारेच्या टोकावर पावडर घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरली. ज्योत लाल झाली, सुंदर, गडद लाल. दुसरी घेतली, तीही लाल. सहाच्या सहा लाल. शालूचा चेहरा पडला.

"सगळं एकच हाय?"

"नाही गं, दोन्हीत लिथियम आहे ना, म्हणून लाल. घाईत उगाच केलं मी हे," क्षितिजा म्हणाली आणि स्वतःवरच चिडली. मग तिने सहा टेस्ट ट्यूबमध्ये पाणी घेतलं. दोन, चार, पाच पाण्यात टाकताच नाहीशा झाल्या. एक, तीन, सहा खडूच्या भुकटीसारख्या तळाशी बसून राहिल्या. वरचं नितळ पाणी काढून तिने सगळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे दोन-दोन थेंब टाकले. दोन, चार, पाचमध्ये दह्यासारखं पांढरं धरलं. एक, तीन, सहाचं पाणी स्वच्छ राहिलं.

"क्लोराईड इथे," ती म्हणाली. "इथे नाही. लेबलं सहाच होती, तीन याची, तीन त्याची. दुसरं काही पांढरं या रॅकवर नव्हतं, मी सोमवारी स्वतः यादी केलीय. आता लावा."

मग शालूने, आणि फक्त शालूनेच, तीन नवी लेबलं लावली. पहिलं जरा तिरकं बसलं. क्षितिजाने निहारला फोन करून खरं काय ते सांगितलं की सील उघडलंय, असं असं झालं. तो म्हणाला, "मी भट्टीत घालायच्या आधी प्रत्येक डबा तपासतोच. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही, सवय आहे. ठेवा, येतो."

तो येण्याआधी साहेब आले. प्रदर्शन लवकर आटोपलं होतं. आमचे साहेब म्हणजे अभिनव. मोठ्या साहेबांचा मुलगा. मी लागले तेव्हा दहावीत होता आणि शाळा सुटली की गाळ्यात येऊन माझ्या डब्यातली भेंडी खायचा. आता कडक इस्त्रीचे शर्ट घालतो आणि मी त्याला अहो-जाहो करते, कारण तो पगार देतो आणि नियमाने वागतो.

आत आल्या आल्या त्याने टेबल बघितलं. चिखल झालेल्या वाट्या, टेस्ट ट्यूब, बुधवारी असू नये ती क्षितिजा, आणि बादलीत लेबलांच्या सुरळ्या. त्याने एक सुरळी उलगडली.

"लेबल कोणी काढलं?"

शालू पुढे झाली. तिचा जीव केवढासा झाला होता ते मला दिसत होतं, तरी ती पुढे झाली. "मी काढलं साहेब."

"चिठ्ठी माझी होती सर," क्षितिजा म्हणाली. "मीच नीट लिहिलं नाही."

मी मधे पडले. "दोघींनी जरा गप्प बसा. साहेब, चिठ्ठी बरोबर होती आणि शालूने जे लिहिलंय तेच केलं. लाईफ हा शब्द माझा आहे. एकोणीस वर्षं मी या गाळ्यात सगळ्यांना चुकीचं नाव शिकवलं. ही पोरगी सांगत होती तर मी तिलाच उलट बोलले. लेबल चुकलं की माणूस घरी, हा तुमचा नियम. तर या गाळ्यात सगळ्यात जुनं चुकीचं लेबल मी लावलंय. काढायचं तर मला काढा."

मी भाषण द्यायला म्हणून बोलले नव्हते. घर चालवायला मलाही हे काम हवं होतं. पण शालू जाईल आणि मी राहीन, हे मला सहन झालं नसतं.

अभिनवने चिठ्ठी रॅकवरून काढली. एकदा वाचली. परत वाचली. ओठ घट्ट दाबून धरले, तरी शेवटी त्याला हसू फुटलंच.

"लाईफ, स्वल्पविराम, संपलेले डबे," तो म्हणाला. मग खुर्चीत बसला. "नीलिमाताई, तुम्ही पहिल्यांदा लाईफ म्हणालात ना, तेव्हा मी इथेच होतो. भेंडी खात होतो. माझी दहावीची केमिस्ट्री चालू होती, मला माहीत होतं ते काय आहे. मी सांगितलं नाही."

"का?"

"मजा वाटली. मग पप्पाही तेच म्हणायला लागले. आता मीसुद्धा फोनवर तेच म्हणतो." त्याने सुरळी परत बादलीत टाकली. "अंदाजाने लेबल लावलं असतंत तर आज मी खरंच कोणाला तरी काढलं असतं. तुम्ही लावलं नाहीत. शालू, तू कुठल्याही डब्यावर आधी आकडा मारत जा, मग लेबलाला हात लावत जा. आणि आजपासून या गाळ्यात लाईफ हा शब्द बंद. जो म्हणेल तो सगळ्यांना चहा पाजेल."

शालूने तोंडावर पदर घेतला आणि आता मात्र ती रडली. मी तिला रडू दिलं.

तीनला निहार आला, हेल्मेट काखेत, कमी बोलणारा माणूस. डबे बॅगेत घालताना त्याने तिरकं लेबल अंगठ्याने दाबून सरळ केलं. पॅकिंग स्लिपवर मालाचं नाव मी लिहायचं असतं. इतकी वर्षं मी नुसतं एल, आय, एफ खरडत आले होते. त्या दिवशी मराठीत, एकेक अक्षर नीट काढून लिहिलं: लिथियम फ्लोराईड, तीन किलो. खाली सही केली. क्षितिजा शेजारून बघत होती. म्हणाली, "थ वर वेलांटी पहिली बरं का, ताई." मी म्हटलं, "पेपर तपासायची सवय क्लासला ठेव." पण नंतर तिला माझ्या डब्यातली पोळी-भाजी दिली, ईश्वरनी केलेली, आणि तिने ती सगळी फस्त केली.

साडेपाचला मी पर्स उचलली आणि फोन वाजला. अभिनव, शालू, क्षितिजा, तिघेही काम सोडून माझ्याकडे बघायला लागले. चहासाठी टपून बसलेले सगळे.

"मॅडम, लाईफ है क्या?"

पुढचा रॅक रिकामा होता. तिन्ही डबे निहारबरोबर वसईला निघाले होते. तीन वर्षं हा प्रश्न आला आणि माल नसला की मी येतेय, येतेय म्हणत आले होते. 'संपली' हा शब्द मला तोंडातून काढवत नव्हता.

"लिथियम फ्लोराईड खत्म हो गया," मी म्हणाले. "अगले हफ्ते आएगा."

इतकं सोपं होतं. संपलं होतं ते लिथियम फ्लोराईड. एक पावडर. पुन्हा मागवता येते. मी फोन ठेवला, फळ्याकडे गेले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: लिथियम फ्लोराईड संपलं. हात जरासुद्धा अडखळला नाही.

मग मोबाईल बघितला. ईश्वरचा मेसेज आला होता, "वरण झालंय, येताना कोथिंबीर आण." मी त्यांना लगेच फोन लावला. त्यांचा तो बसका आवाज आला, "काय गं, निघालीस का?" आणि मला एकदम भरून आलं.

"निघाले," मी म्हटलं. "तुम्ही फोडणी थांबवा. आणि ऐका, आज मला लाईफ म्हणायची बंदी आलीय गाळ्यात."

"मग आता काय म्हणणार?"

"लाईफच, पण घरी येऊन म्हणते," मी म्हणाले, आणि कोथिंबीर घ्यायला निघाले.